एकदांडीचा पाला

दिवाळी उलटल्यावर मी बोईसरच्या भाड्याच्या खोलीतून चार दिवस माहेरी गेले होते, सफाळ्याच्या आतल्या गावात. माळावरचं गवत कापायला आलं होतं. दादा एकटाच होता, म्हणून मीही विळा घेऊन त्याच्यासोबत निघाले.

दुपारी तो एकदम खाली बसला. विळा घसरून डाव्या मनगटात गेला होता. उजव्या हाताने त्याने मनगट आवळून धरलं होतं, तरी बोटांमधून रक्त उसळ्या मारत येत होतं.

"बाय, एकदांडी आण," तो म्हणाला. "पाला चोळून भरू. थांबंल."

लहानपणी गुडघे फुटले की आई हाच पाला तळहातावर चोळायची आणि हिरवा रस जखमेत पिळायची. झोंबायचा, पण रक्त थांबायचं. हे रोप म्हणे मूळचं आपल्याकडचं नाही, बाहेरून आलं आणि इथेच रुजलं. एरवी रस्त्याकडेला पायाखाली येतं. त्या दिवशी मात्र दिसेना. अर्धा माळ आम्हीच कापून टाकला होता. एक पिवळं फूल दिसलं, ते रोप मुळासकट उपटून मी धावत आणलं.

"ही नाय." दादाचे ओठ पांढरे पडले होते. "लांब दांड्यावर एकच फूल बघ. मधी पिवळं, कडेला फिक्या पाकळ्या, टोकाला कातरलेल्या. पान खरबरीत लागंल."

मी पुन्हा पळाले. "देवा, एक तरी दाखव," असं मोठ्याने ओरडत होते. बांधाच्या दगडांत अखेर चार-पाच रोपं सापडली. पाला चोळला, रस पिळला, चोथा जखमेत दाबला. हिरवं क्षणात लाल झालं आणि चोथा वाहून गेला. पुन्हा भरला. तोही गेला.

"दादा, नाय थांबत रे!"

"मंग दाबून धर," एवढंच बोलून त्याने डोळे मिटले.

ओढणीची घडी जखमेवर ठेवून मी दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून दाबलं. फोन पिशवीत, पिशवी लांब झाडाखाली. हात सोडवेना. मी नुसती हाका मारत राहिले. माळावर चिटपाखरू नव्हतं. दादाला हाक मारली तर आधी 'हं' यायचं, मग तेही येईना.

बऱ्याच वेळाने गवताचे भारे न्यायला टेम्पो आला. "क्या हुआ, दीदी?" म्हणत ड्रायव्हर धावला. त्याने दादाला उचलून आत ठेवलं. पालघरच्या दवाखान्यापर्यंत मी हात काढला नाही.

डॉक्टरांनी जखमेतले पाल्याचे कण धुऊन काढले. "खरचटल्यावर लावा हवं तर," ते म्हणाले. "शीर तुटली की फक्त दाबायचं. तुम्ही दाबलंत म्हणून हा आहे."

दादा वाचला. पण त्याची दोन बोटं आता मिटत नाहीत, आणि विळा चालवताना गवताची मूठ त्याच हातात धरावी लागते. दुखतं का विचारलं तर म्हणतो, "दुखत नाय गं. धरताच येत नाय." आणि हात मांडीखाली सारून बसतो.