रिकाम्या टोपलीची जागा

अकोल्यात माझ्या ऑफिससमोर एका कंपनीचं मोठं दुकान उघडलं, आणि त्याच्या पार्किंगसाठी फुटपाथवरच्या भाजीवाल्या बायकांना हटवलं. त्या तिथेच धरण्याला बसल्या, टोपल्यांशिवाय, पण आपापल्या जागी. कोपऱ्यावरच्या बाईला मी रोज पाहायचे. नाव कधी विचारलं नाही. समोर टोपलीएवढी जागा मोकळी ठेवून ती बसायची. बोलताना तिचा हात तिथे, नसलेल्या मेथीवर पाणी शिंपडल्यासारखा फिरायचा.

एकदा बाजूच्या धरण्याच्या मंडपातून एक कार्यकर्ता तिला ओरडला, "मावशी, साऱ्याजणी इकडे या, फोटो काढून राहिलो."

"तूच ये ना बाप्पा इकडं. मी उठली का इथं गाडी लागते."

मग तिनं मला थांबवलं. "बस वं पोरी जराशी. मले पानी पिऊन येऊ दे."

मी पर्स मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात एकानं बाइक अगदी समोर आणली.

"मॅडम, सरका थोडं."

एरवी कोणी म्हटलं की मी सरकतेच.

"इथे भाजीचं दुकान आहे," मी म्हणाले.

त्यानं रिकाम्या फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाइक मागे घेतली.