फटाक्यांच्या दुकानापुढं

शेजारच्या हवालदारकाकांनी पोलिसांतून निवृत्त झालेली, बॉम्ब शोधणारी कुत्री घरी आणली होती. संध्याकाळी जुन्या शहरात फिरताना फटाक्यांच्या दुकानापुढं स्फोटकाचा वास आल्याची खूण म्हणून ती शिकवल्याप्रमाणं गपचूप बसायची. काका खिशातला चेंडू काढून तिला बक्षीस द्यायचे.

मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. चूक दाखवल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "काका, फटाकेच आहेत ते. रोज काहून बक्षीस देता?"

"बारूद हाये ना त्यात? मंग तिनं काम बरोबरच केलं. पेपर सोपा होता म्हणून तुहे मार्क कापले का कोणी?"

उन्हाळ्यात कुत्री गेली. काका अजून तिथं थांबतात, खिशात हात घालून उभे राहतात. काल मी सोबत होतो. काही न विचारता थांबलो.