आंब्याला घातलेलं पाणी

मी पार्लर चालवते, प्रवचन करत नाही. तरी गिऱ्हाइकाचे पाय टबात गेले की माझं तोंड सुरू व्हायचं. "या गुलाबी खड्यांतली खनिजं मरगळलेल्या कातडीत जीव भरतात." मिठाला मीठ म्हटलं तर गिऱ्हाईक घरीच पाय भिजवेल, म्हणून तो शब्द मी कटाक्षानं टाळायची. माझ्याकडं कामाला असलेल्या आवडाबाई खाली बसून पाय चोळत हे सगळं ऐकायच्या. माझी बडबड कुणी मनावर घेत असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या चितेगावहून यायच्या. नवरा, बन्सी, किडनीच्या दुखण्यानं नुकताच गेलेला. डॉक्टरांनी दोन वर्षं त्याचं मीठ बंद केलं होतं आणि पाणीही पेल्यानं मोजून द्यायला सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "आवडे, आज तरी पोटभर पाणी दे." बाईंनी दिलं नाही, वाचेल या आशेनं.

"अजून बी ऐकू येतं, ताई," त्या मला सांगायच्या. "नळ सोडला की लगीच."

ते २०१६ साल, दुष्काळाचं. गोदावरीत राख सोडावी एवढंही पाणी नव्हतं. म्हणून दारापुढं खड्डा करून त्यांनी राख पुरली आणि वर आंब्याचं रोप लावलं. आता बन्सीला पाणी द्यायला कुणाची मनाई नव्हती, पण गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. इकडं शहर वाढत होतं, माझं गिऱ्हाईक वाढत होतं आणि टबांतलं पाणी दिवसभर मोरीत जात होतं.

"हे पाणी घरी नेऊ का, ताई?" बाईंनी एकदा विचारलं. मी फोनवर होते, नुसती मान हलवली. फरशी पुसायला नेत असतील, असं धरून चालले.

रोज एक कॅन जायचा. पानांच्या कडा करपल्या, तसे त्यांनी दोन कॅन सुरू केले. महिन्याभरानं मला म्हणाल्या, "इतकं जीव भरणारं पाणी घालते, तरी आंबा का वाळायला लागला वो?"

"कोणतं पाणी?"

त्यांनी टबाकडं बोट दाखवलं.

धंद्यात मी सराईतपणे खोटं बोलते. त्या दिवशी जीभच वळेना. "आवडाबाई, ते मीठ आहे हो. साधं सैंधव."

त्यांनी ओले हात पदराला पुसले. "दोन वर्षं त्यांच्या भाकरीत मिठाचा कण पडू दिला नाय मी," त्या म्हणाल्या. "आन् आता कॅनानं पाजलं."

मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पुढच्या गिऱ्हाइकाचे पाय पुसायला गेल्या.

पुढं पाऊस चांगला झाला. वाळून गेलेल्या आंब्याच्या जागी मी दोन रोपं नेऊन दिली, मिठानं खारावलेल्या त्या मातीत दोन्ही जळाली. गुलाबी खड्यांच्या बरणीवर मी आता मोठ्या अक्षरांत 'मीठ' लिहिलंय. बन्सीला मी कधी पाहिलं नव्हतं. पण टब भरायला नळ सोडला की तो आता मलाही पाणी मागतो.