कोऱ्या तारखेची कार्डं

दुकानात कुठलंही यंत्र दुरुस्तीला आलं की हवालदार आधी त्याला उलट्या हाताने शिवत. तळहात कधीच लावत नसत. बोटांची मागची बाजू मिक्सरच्या, इस्त्रीच्या, फ्रिजच्या अंगाला हलकेच टेकवायची आणि क्षणभर थांबायचं. आई पोराचा ताप बघते तसं. नवं गिऱ्हाईक चक्रावून बघत राही. विचारलंच तर सांगत, "वीज मूठ आवळती बघा. तळवा लावला तर धरून ठिवती, उलटा हात लावला तर झटकून देती." तुम्ही जुने वायरमन पाहिले असतील तर ही सवय तुम्हालाही ओळखीची वाटेल.

ते कडेगाव तालुक्यातले. फौजेच्या वर्कशॉपात वीसेक वर्षं काढून आलेले, म्हणून सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. साताऱ्यातल्या त्या विजेच्या सामानाच्या दुकानात मी काउंटरवर होते आणि ते मागच्या खोलीत दुरुस्तीला. माझं काम बिलं करायचं आणि वॉरंटी कार्डं भरायचं. माझं अक्षर चांगलं आहे असं शाळेपासून लोक सांगत आले, आणि मीही ते कधी नाकारलं नाही.

हवालदारांचं एक पालुपद होतं. "मुदत कागदाला असती, बाई. दोषाला न्हाई." दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे. एकदा एका गिऱ्हाइकाचा मिक्सर वॉरंटी संपल्यावर अकराव्या दिवशी जळाला. कंपनीने हात वर केले. हवालदारांनी मिक्सर उघडला, आतली तारेची गुंडाळीच कच्ची निघाली. त्या माणसाला समोर बसवून, आमच्याच दुकानात, आमच्याच कागदावर त्यांनी ग्राहक मंचाचा अर्ज लिहून दिला. वकील लागत नाही, फी लागत नाही, जा आणि उभे राहा, म्हणाले. शेठना कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले.

"हवालदार, आपलेच दात आणि आपलेच ओठ! पगार कोण देतं तुम्हाला?"

"तुमी देताय. म्हणून तर गुंडाळी आदी तुमाला दावली, मग त्याला."

शेठ वाईट नव्हते. भित्रे होते. हे मला फार उशिरा कळलं, कारण तोवर मी स्वतःला धीट समजत होते.

आता कार्डांचं सांगते, कारण सगळं त्यात आहे. आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधावा तशी मुलीच्या आंदणाची खरेदी आधीपासून होते. दसऱ्याच्या मुहूर्तावर गिझर, मिक्सर, पंखा घेऊन ठेवायचा आणि वैशाखात लग्नात द्यायचा. तोवर खोकं घरात, कापडाखाली. पण वॉरंटी तर बिलाच्या दिवसापासून सुरू. म्हणजे मुलगी बटण दाबायच्या आधीच निम्मं वर्ष संपलेलं. मग मुलीची आई काउंटरवर वाकून हळूच म्हणायची, "ताई, तारीख कोरी ठेवा ना. लग्नानंतर येऊन घालून घेऊ."

मी ठेवायची. कार्डाचे दोन भाग असत, एक गिऱ्हाइकाचा, एक नाव-पत्ता-तारीख लिहून फाडून आमच्याकडे ठेवायचा. तारीखच नाही तर फाडायचं काय? अख्खं कार्ड मी त्यांच्या हाती देई आणि वर हसून म्हणे, पेढे आणा बरं का. बिलावर नुसतं 'रोख' लिहायची पद्धत. किती आयांनी माझा हात हातात घेतला असेल! मला वाटे, आपण कंपनीला चांगलं गंडवलं आणि गरिबाचं भलं केलं. बहुतेक जण लग्नानंतर येऊन तारीख घालून घेत. काही येत नसत, पण मी त्याचा कधी विचार केला नाही.

पहिला गिझर आषाढात परत आला. बाहेरगावच्या एका लहानशा कंपनीचा होता, स्वस्त होता, आम्ही आदल्याच्या आदल्या वर्षीच्या दसऱ्याला बरेच खपवले होते. एक शिक्षक घेऊन आले. म्हणाले, नळाला हात लावला की मुंग्या येतात. पंधरा दिवसांत दुसरा आला, मग तिसरा. हवालदारांनी तिन्ही उघडून बाकावर ओळीने ठेवले आणि मला आत बोलावलं.

"ह्यो रबर बघा. दीड-पावणेदोन वर्सांत सडतोय. मग पाणी आत शिरतंय वायरीवर." मग त्यांनी एक हिरवी वायर चिमटीत धरून वर काढली. "आन् ही अर्थिंगची. जीव वाचवायला आसती ही. कुटं जोडलीया दाखवा मला."

मी वाकून पाहिलं. वायर आत होती, पण तिचं टोक कुठेच जोडलेलं नव्हतं. नुसतं कोपऱ्यात खुपसलेलं. तिन्ही गिझरांत तसंच.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्यो माणूस मारनार."

कंपनीला पत्र गेलं. उत्तर तीन ओळींचं आलं, वॉरंटी संपल्यामुळे दखल घेता येत नाही. हवालदार शेठना म्हणाले, पेपरात चार ओळी द्या, आंघोळीला बसायच्या आधी बटण बंद करा एवढं तरी लोकांना सांगा. शेठनी उरलेला माल परत पाठवला, पण पेपरला नाही म्हणाले. "मुदतीबाहेरचं आपल्या अंगावर कशाला घ्यायचं? उद्या दुकान बंद पडेल." हवालदारांनी हाताने लिहून दुकानाच्या दारावर एक कागद चिकटवला. संध्याकाळपर्यंत तो नव्हता. कुणी काढला ते कुणी विचारलं नाही.

मग सुट्टीच्या दिवशी हा माणूस एसटीने निघू लागला. माझ्याकडच्या कार्डांच्या अर्ध्या भागांवरून मी पत्ते उतरवून दिले, तीस-बत्तीस असतील. पिशवीत पाना, टेस्टर, नवे रबर. सातारा, वाई, कराड, पार सांगलीपर्यंत. लोकांना वाटे, कंपनीचा माणूस काहीतरी विकायला आलाय. एकाने दारातूनच हाकललं. सांगलीत एका आजींनी चहा दिला, गिझर दाखवला, आणि जाता जाता इस्त्री, रेडिओ आणि देवघरातला दिवाही दुरुस्त करून घेतला. सोमवारी येऊन हे सांगताना हवालदार हसत होते. तेवढंच त्या दिवसांत त्यांना हसताना पाहिलं.

यादी संपली तेव्हा भाद्रपद होता. ते काउंटरशी येऊन उभे राहिले.

"कोरी किती गेली, बाई?"

मी बोटांवर मोजली. "परत न आलेली... पाच."

त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "ज्यांनी दिवाळीत लावला त्यांचा आषाढात गेला. लग्नातला सा म्हैन्यांनी, वैशाखात लागला. म्हंजी त्यो पौषात जाईल."

पाच घरांच्या भिंतीवर पाच गिझर होते, आणि ती घरं कुठली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आठवायला बसले. एका आईने सांगितलं होतं, जावई कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत आहेत. एकीच्या मुलीचं सासर वाईला, घर घाटाजवळ. एवढ्याशा धाग्यावरून हवालदार चार घरांपर्यंत पोचले. कोयनेच्या त्या मुलीचा गिझर तर उलटा हात लावताच झटका देऊन गेला.

पाचवा राहिला. एक बाप एकटाच आला होता, ऊसवाला, कडेगावकडचा. मुलीचं सासर सांगलीला. इतकं आठवत होतं. "पोरीला थंडी सोसत न्हाई, ताई," म्हणाला होता. आपल्या गावाचं नावही त्याने सांगितलं होतं. मी मान डोलावली होती आणि लिहून घेतलं नव्हतं.

रोज सकाळी हवालदार आत जाता जाता विचारत, "आठवलं का, बाई?" आवाज अगदी साधा. मी नाही म्हणे. मला त्या प्रश्नाची इतकी धास्ती बसली की ते येताना दिसले की मी खाली वाकून उगीच खण उघडे. कडेगावच्या स्टँडवर त्यांनी हाताने लिहिलेले कागद लावले, बाजारच्या दिवशी लोकांना विचारलं. दिवाळी झाली. सकाळी हात गार पडू लागले. पौषाला अजून महिना आहे, मी स्वतःला सांगत होते.

मार्गशीर्षातच झालं. एका सोमवारी ते पेपर घेऊन आले आणि आत न जाता गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"सांगलीत एक पोरगी गेली. न्हाणीत पडलेली घावली. लग्नाला दोन वर्सं न्हाईत झाली. बाप कडेगावकडचा, त्यानं फिर्याद दिलीया, नवरा आन् सासू आत हायत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "थंडी सोसत न्हाई म्हनला व्हता न्हवं त्यो?"

पुढचं आधी सांगून टाकते. हवालदार दुसऱ्याच दिवशी सांगलीला पोलिसात गेले. पंचांसमोर गिझर उतरवला, उघडला. सडलेलं रबर, कुठेच न जोडलेली हिरवी वायर. नवरा आणि सासू सुटले. पुढे बापाने कंपनीवर दावा लावला, आणि मंचाने सांगितलं की मुळातच दोष असेल तर मुदत संपली ही सबब चालणार नाही. साक्ष हवालदारांची होती. शेठनी त्यांना त्याआधीच कामावरून कमी केलं होतं. ते गावी परतले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मला महिन्याने कळलं.

पण त्या सगळ्याआधी एक दिवस होता. हवालदार म्हणाले, "पोलिसाकडनं कळायच्या आदी त्या बापाला आपन सांगाय पायजे. तुमी चला. तुमी त्यास्नी वळखता." आता फिर्यादीमुळे पत्ता मिळालाच होता. आम्ही एसटीने कडेगावला उतरलो आणि पुढे चालत गेलो. रस्त्याने उसाच्या गाड्या चालल्या होत्या.

बाप ओसरीवर बसला होता. मी त्याला लगेच ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. हवालदारांनी सावकाश, काही न झाकता सगळं सांगितलं. रबर काय, वायर काय, पाण्यातून वीज कशी आली. तो ऐकत होता. मग उठून आत गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत लग्नपत्रिकेसोबत जपून ठेवलेलं कार्ड घेऊन आला. अख्खं, न फाडलेलं. गिझरचा नंबर माझ्या अक्षरात होता.

"म्हंजी त्यांनी न्हाई मारली?"

"न्हाई."

"मग म्या दिल्यालीनं गेली."

आतून मुलीच्या आईचं रडणं ऐकू आलं. बाप रडला नाही. त्याने कार्ड उलटून पाहिलं.

"तुमाला हे कवापास्नं ठावं व्हतं?"

"आषाढापास्नं," हवालदार म्हणाले. ते खोटं बोलू शकले असते.

"मग आला का न्हाईसा? समद्यांकडं गेलासा म्हनता. माज्या पोरीकडं का न्हाई?"

"पत्ता न्हवता."

"का न्हवता? म्या सांगितला व्हता की! दुकानात हुबा ऱ्हाऊन, तोंडानं सांगितला व्हता!"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. शब्द अगदी ओठांवर होते. त्याआधीच हवालदार म्हणाले, "माजी चूक हाय, पाटील. पत्ता मी लिवून घेतला न्हाई."

बापाने त्यांच्या कानशिलात मारली. आवाज मोठा झाला. हवालदारांची टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही, हातही वर केला नाही, बाप पुन्हा मारेल म्हणून तसेच उभे राहिले. त्याने पुन्हा मारलं नाही. तो खाली बसला आणि मग रडू लागला, आणि हवालदार त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. मी पदर सावरून उभी होते.

मंचातही कंपनीच्या वकिलाने तोच प्रश्न विचारला, आणि हवालदारांनी शपथेवर तेच उत्तर दिलं. मी मागच्या बाकावर होते.

परतीच्या एसटीत मी म्हणाले होते, हवालदार, तुम्ही असं का केलंत? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमी चांगुलपनानं केलं, बाई. त्येला त्ये आज कळायचं न्हाई. कवातरी सवडीनं जाऊन सांगा तुमीच."

त्याला आता खूप वर्षं झाली. ते गाव, स्टँडपासून किती चालायचं, कुठल्या वळणावर ते घर, सगळं मला पाठ आहे. बाप अजून आहे असं ऐकते, खूप थकलाय म्हणतात. मी अजून गेलेले नाही.