गावभर हसं

आरसेमहालाच्या दारावर एक लाकडी मावशी बसलेली असते. चांगली गलेलठ्ठ, लाल गालांची, गुडघ्यावर थापा मारत पुढेमागे झुलणारी. समुद्रावर येणाऱ्या माणसाला आधी तिचं हसणं ऐकू येतं आणि मग बाग दिसते. ते हसणं कुणाचं, असं कुणी विचारलं की तिकीटखिडकीतल्या खिदळकाकूंची मान अशी काही ताठ होते की बघत राहावं.

"माझं," त्या म्हणतात. "दुसऱ्या कुणाची टाप आहे?"

आता ही पाळण्यांची बाग काही काकूंच्या वेळची नव्हे. ती त्यांच्या आजेसासऱ्यांच्या काळची. आकाशपाळणा तेव्हा वाफेवर फिरायचा, विजेवर तो नंतर आला. लढाईच्या दिवसांत दिवे विझवून बाग गप्प बसली होती. वादळांनी तिचे पत्रे कितीदा उडवून नेले, पण बाई पुन्हा उभी राहिली, दर खेपेला जराशी वाकडी होऊन. काकूंच्या सासरचे पुरुष पिढ्यानपिढ्या तिथल्याच यंत्रांना तेल घालत आले. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा नवरा बागेचा मेकॅनिक होता, आणि आरसेमहालाच्या तिकीटखिडकीत माणूस नव्हतं. बसवलं नव्या सुनेला.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. कारण सुनेचं हसणं! खुदकन सुरू व्हायचं, मग खो-खो, मग श्वास अडकून एक लांबलचक "हीऽऽ", आणि शेवटी "अगं आई गं, मेले मी!" भांडी घासताना हसायची, केर काढताना हसायची, एकदा तर सासऱ्यांचे पाहुणे समोर बसलेले असताना हसली. सासूबाई दात-ओठ खात म्हणायच्या, "तोंड मिट गं सूनबाई! गावभर हसं होईल आपलं!"

आणि झालंही तसंच.

दारावरच्या मावशीचं मूळचं हसणं एका तबकडीवर होतं. ती झिजली, आणि मावशी हसायचं सोडून डांग्या खोकला झाल्यासारखी खोकायला लागली. पोरं भोकाड पसरून पळायची. नवऱ्याने कुठूनसा एक टेपरेकॉर्डर पैदा केला आणि तिकीटखिडकीत ठेवून चालतोय का ते बघत होता. तेवढ्यात आत गेलेले एक ढेरपोटे वकील बाहेरची वाट शोधत खिडकीतून दिसणाऱ्या आरशासमोर आले. समोरच्याला म्हणाले, "आधी आपण." समोरचाही वाकला. "छे छे, आधी आपण!" समोरचा पुन्हा वाकला. शेवटी वकीलसाहेब वैतागून म्हणाले, "अहो, किती शिष्टाचार कराल?" काकूंची मुरकुंडी वळली. टेप फिरतच होती.

दुसऱ्या दिवशी मावशी खदाखदा हसायला लागली आणि बागेत ही गर्दी उसळली. घर बागेच्या मागच्याच गल्लीत. समुद्रावरून वारा सुटला की ते हसणं थेट स्वयंपाकघरात यायचं. सासूबाई धाडकन खिडकी लावून घ्यायच्या. "तिकीट लावून सुनेचं हसू विकलं मेल्यानं!" पोटच्या पोराशी त्यांनी अबोला धरला. सून रात्री उशीत तोंड खुपसून रडली, आणि सकाळी खिडकीत जाऊन बसली. काम सोडायचं तिच्या मनातही आलं नाही. आपल्या हसण्याने अनोळखी माणसं हसतात, याची तिला चटक लागली होती.

खिडकी बरीच वर्षं बंद राहिली. पुढे सासूबाईंनी अंथरूण धरलं. एका संध्याकाळी काकू त्यांचे पाय चेपत होत्या, तेव्हा त्या पुटपुटल्या, "खिडकी उघड गं."

"वारा लागेल, आई."

"लागू दे. तुझं ते हसं ऐकू दे मला."

काकूंनी खिडकी उघडली. सासूबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. 'मेले मी' आलं तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानंतर ती खिडकी कधीच लागली नाही.

यंदाच्या वादळात समुद्र बागेत शिरला. आकाशपाळणा वाचला, चक्रीचे लाकडी घोडे वाचले, पण यंत्रघर बुडालं आणि टेपचा चिखल झाला. बाग पुन्हा उघडायच्या आदल्या दिवशी नव्या मॅनेजरबाई घरी आल्या. बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. "काकू, तयार हसणं मिळतं हो विकत. नाहीतर आज संध्याकाळपर्यंत तुमचं द्या. उद्या मावशी मुकी बसवता येणार नाही."

विकतचं हसणं! आपल्या दारावर! काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. पदरमोड करून घेतलेली वस्तू हरवावी तसं त्यांना झालं नाही, तर अंगातलंच काहीतरी कुणी उचलून नेतंय असं वाटलं. त्या तडक आरसेमहालात जाऊन बसल्या. समोर रेकॉर्डिंगचं यंत्र, शेजारी नवरा, दाराशी मॅनेजरबाई.

आणि मेलं हसू येईना. हुकमावर कधी आलंय? "हा हा" केलं ते बस कंडक्टरने थांबा पुकारल्यासारखं निघालं. नवऱ्याने वकीलसाहेबांची नक्कल केली. त्याने आपले ठेवणीतले विनोद काढले, ते काकूंना त्याच्याआधी पाठ होते. ऊन उतरलं. मॅनेजरबाई एकदा घड्याळाकडे बघत, एकदा काकूंकडे. काकूंचे डोळे भरून आले. "जाऊ दे हो," त्या म्हणाल्या. "आटलं माझं हसू. आणा तुमचं विकतचं."

काकूंचा म्हातारा उठला. घाम पुसायचा टॉवेल त्याने डोक्यावरून घेतला, हनुवटीखाली धरला, कमरेवर हात ठेवला आणि हुबेहूब आपल्या आईच्या आवाजात कडाडला, "तोंड मिट गं सूनबाई! गावभर हसं होईल आपलं!"

तो आवाज! तीच ती नाकातली धार! आणि चारी बाजूंच्या आरशांत टॉवेल घेतलेल्या सासूबाईच सासूबाई, प्रत्येकीला पांढऱ्या मिशा!

काकू खुदकन हसल्या. मग खो-खो. मग "हीऽऽ". डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळलं, तरी थांबेनात. "अगं आई गं, मेले मी!" मॅनेजरबाई दाराला धरून खाली बसल्या, त्यांना उठवेना.

"सुरुवातीची ओरड कापून टाकू," म्हातारा डोळे पुसत म्हणाला.

"हात तर लावून बघा!" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाग उघडली. वाऱ्यावर आधी खणखणीत ओरडा आला, "तोंड मिट गं सूनबाई!" आणि त्याच्या पाठोपाठ ते हसणं. दारापाशी झुंबड उडाली. पोरीला कडेवर घेतलेल्या एका बाईने हसत हसत काकूंना विचारलं, "अहो, हे ओरडतंय कोण?"

काकूंची मान ताठ झाली.

"त्या आमच्या सासूबाई," त्या म्हणाल्या. "आणि हसतेय ती मी. हे आमच्या घरचं हसं आहे."