तळीचा पाचवा हात

आमच्या घरात तळी उचलायला पाच पुरुष लागत, आणि पुरुष मोजून पाचच होते. आबा म्हणजे माझे वडील, दोन चुलते, मोठा चुलतभाऊ आणि मी. चंपाषष्ठीला पितळेच्या ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा मांडायचा, पाच जणांनी ताटाला हात लावायचा, आणि खंडोबाचा येळकोट करत ते तीनदा वर उचलायचं. बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघायच्या. मग रोडगा आणि वांग्याचं भरीत. कळंबच्या अलीकडच्या आमच्या वस्तीवर आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं होती. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, ट्रॅक्टर आला, पण पाचाचा आकडा कुणी बदलला नाही.

तो बदलला मी. बारामतीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, नव्वद सालानंतरचे ते दिवस. खोलीवर जोडीदार मिळाला तो पुस्तकं वाचणारा. सहा महिन्यांत माझा देवावरचा विश्वास उडाला. देव दिसला तर मानीन, अशी माझी अट होती. ती देवाला कळवायची कशी, याचा विचार मी केला नव्हता. चंपाषष्ठीला घरी गेलो आणि ताट मांडल्यावर, सगळे हात पुढं आल्यावर, मी माझा हात मागं घेतला. छोटंसं भाषणही केलं. ते मी एसटीत पाठ केलं होतं.

मला वाटलं होतं आबा चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भाषण पुरतं ऐकून घेतलं आणि चुलत्यांना म्हणाले, "एक माणूस कमी पडतंय. शेजारच्या तात्यांना हाक मारा."

तात्या आले, तळी उचलली आणि पाच रोडगे खाऊन गेले. जाताना मला म्हणाले, "तुझं विचार लई चांगलं हायती. आसंच ऱ्हाऊ दे." त्यानंतर दरवर्षी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी ते आईला विचारून जात, "पोरगं अजून तसंच हाय न्हवं?"

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. देव सुटला, पण हात जोडायची ओढ सुटली नाही. संध्याकाळी खोलीवर उगाच पोकळ वाटायचं. कशापुढं तरी डोकं टेकावं असं फार वाटायचं आणि टेकायला काही सापडायचं नाही. म्हणून मी शोधायला लागलो.

पहिल्यांदा गेलो तो बारामतीत भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर चालणाऱ्या ध्यानाच्या वर्गाला. डोळे मिटून भुवयांच्या मध्ये प्रकाश बघायचा. शेजारचे गृहस्थ तिसऱ्याच दिवशी निळा प्रकाश दिसल्याचं सांगायला लागले. मला खाली पडणाऱ्या पातेल्यांचे आवाज तेवढे ऐकू यायचे. दोन महिन्यांनी मीही निळा दिसल्याचं सांगितलं आणि त्या खोटेपणाची लाज वाटून जायचं बंद केलं.

मग एका सत्संगात रमलो. तिथली माणसं प्रेमळ होती, भजनं गोड होती, पण कांदा-लसूण वर्ज्य. सुट्टीला घरी गेलो आणि आईला तसं सांगितलं. आमच्या घरात कांद्याची पात देवाच्या नैवेद्यात असते.

"म्हंजे आपला देव खातो ते तुला चालत न्हाय?" तिनं विचारलं.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तिनं माझ्यासाठी वेगळी चूल मांडली नाही, वेगळं पातेलं मात्र केलं, आणि त्यावर झाकण ठेवताना चुलतीला म्हणाली, "ह्यात कांदा न्हाय, चव बी न्हाय, हात लावू नकोस."

सगळ्यात फजिती झाली ती मौनात. कुठंतरी वाचलं की गुरुवारी दिवसभर बोलायचं नाही, म्हणजे मन शांत होतं. मन होत असेल, वस्ती होत नाही. वस्तीवर माणसं एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ओरडूनच बोलतात. एका गुरुवारी म्हैस दावं तोडून चुलत्यांच्या कोवळ्या उसात शिरली. मी बांधावर उभा राहून चुलत्यांना हातवारे करत होतो. चुलते लांबून बघत होते आणि हात हलवून मला प्रतिसाद देत होते. त्यांना वाटलं, पोरगं गुरुवारचा नमस्कार करतंय. म्हशीनं अर्धी सरी फस्त केली. संध्याकाळी आबा मला एवढंच म्हणाले, "तुझ्या नव्या देवाला सांग, म्हशीपुरती तरी सूट दे म्हणावं."

अशी सहा-सात वर्षं गेली. मी इंदापूरला शाळेत मास्तर झालो, लुना घेतली, आणि मनातली पोकळी होती तिथंच होती. एका मे महिन्यात घरी आलो तेव्हा आई शेंगा निवडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि पहिल्यांदाच खरं बोललो. म्हणालो, लहानपणापासून मानलेला देव सोडणं किती अवघड असतं, तुला नाही कळायचं.

तिनं हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"मला कळायचं न्हाय व्हय," ती म्हणाली. "माझ्या म्हायेरचा देव बिरोबा. सोळा वर्सं त्याच्याम्होरं वाढले. लगीन झालं त्या दिशी तुमचा खंडोबा माझा झाला. मला कुणी इचारलं न्हाय, मी भाशाण बी केलं न्हाय. तुझं सात वर्सं चाललंय. माझं एका दिसात उरकलं."

बिरोबाचं नाव मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिचं माहेर भिगवणच्या बाजूला, भीमेच्या काठी होतं, ते उजनीच्या पाण्यात गेलं हे माहीत होतं. गाव वर हलवलं तेव्हा नवीन देऊळ बांधलं, त्याला फरशी घातली. आई तिथं कधी गेली नाही. तो दगड निराळाच हाय, एवढंच म्हणायची. जुना दगड पाण्यातच राहिला.

"यंदा पाणी लई खाली गेलंय म्हणत्यात," ती सुपाकडं बघत म्हणाली. "उघडा पडला आसंल."

ती मला कधी काही मागत नसे. तेव्हाही तिनं मागितलं नाही. मी लुनात पेट्रोल किती आहे ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागं एकांगी बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. भिगवणच्या काठावर मासे धरणारा एक माणूस भेटला. त्याच्या होडीत त्याची बायको आणि म्हातारी आई होती, जाळी सोडवत बसलेल्या. जुन्या गावाचा उंचवटा उघडा आहे, असं तो म्हणाला, आणि आम्हाला तिकडं घेऊन गेला. पाण्यातून एक भेगाळलेलं चिखलाचं बेट वर आलं होतं. घरांचे पाये दिसत होते, एक रांजण अर्धा पुरलेला. आई न चुकता चालत गेली, डावीकडं वळली, आणि एका दगडापाशी थांबली. दगडावर शिंपले चिकटले होते. तिनं ते नखांनी काढायला सुरुवात केली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माझं मी करते."

ती रडत नव्हती. मी रडत होतो, आणि ते तिला दिसू नये म्हणून पाण्याकडं तोंड करून उभा होतो.

मग तिनं पिशवी उघडली. पितळेचं ताट निघालं. आमच्या घरातलं, चंपाषष्ठीचं. पानं, सुपारी, खोबरं, भंडाऱ्याची पुडी.

"आई, ही तर खंडोबाची तळी."

"ठाव हाय. बिरोबाला तळी लागत न्हाय. पर मला उचलायची हाय." तिनं ताट मांडायला घेतलं. "तीस वर्सं दारात हुबी ऱ्हाऊन बघितली. एकदा तरी हात लावावा वाटायचा. तू तुझा हात काढून घेतलास त्या दिशी मी दारातच हुते. मनात आलं, आता मला बोलीवत्याल. तर तात्यांना बोलीवलं."

त्या दिवशी मी सगळ्यांची तोंडं बघितली होती, आबांचं, चुलत्यांचं, भाषणाचा परिणाम होतोय का ते. दाराकडं बघितलंच नव्हतं.

तिनं होडीवाल्याला, त्याच्या बायकोला आणि म्हातारीला बोलावलं. तिघं जाळी बाजूला ठेवून आली, हात धुतले, काही न विचारता ताटाला लावले. आईनं मोजलं. चार.

"पाच लागत्यात," म्हातारी म्हणाली.

आईनं माझ्याकडं बघितलं. "तुझं तू ठरीव. तुला नसंल जमत तर थांबू. दुसरी होडी ईल की."

मी पुढं झालो. विश्वास बिश्वास काही आला नव्हता. एक माणूस कमी होतं. ताट वर गेलं आणि आईनं आरोळी दिली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तिशीकडं झुकल्यावर कळलं. दूरवरचे बगळे उठले.

त्या वर्षी चंपाषष्ठीला मी घरी गेलो. तात्या धोतर बदलून ओसरीवर येऊन बसले होते. मी आबांना म्हणालो, "माझा हात नाहीच. पण माझी जागा आईला द्या."

मोठे चुलते खाकरले. आबांनी ताटाकडं बघितलं. मग आईला म्हणाले, "यं." आणि चुलत्यांना, "मोजा. पाच झालं न्हवं? मग उचला."

धाकटी चुलती म्हणाली, पुढल्या वर्षी मी. तात्यांना हा अन्याय वाटला. रोडगे मिळतील, असं सांगून त्यांची समजूत काढावी लागली.

मी अजून शोधतोच आहे. त्या दिवशी ताट वर गेलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, आई उभी राहायची त्याच जागी. तिथून सगळं नीट दिसत होतं. पण जास्त वेळ बघता आलं नाही, कारण आई ताट न सोडता माझ्यावर ओरडली, "आरं, रोडगा परत, करपंल."

मी रोडगा परतला.