मामीला उतरवणारी बस

आमची मामी कपडे आल्टर करून देते. शिवणयंत्रावर तिचा हात कोणी धरणार नाही, पण घरापासून दोन गल्ल्या पलीकडे गेली की चुकलीच म्हणून समजा. लेकीच्या बाळंतपणाला ही बाई एकटी परदेशी गेली, आणि ती पोचते न पोचते तोच लेक दवाखान्यात भरती झाली. जावयानं मामीला बस दाखवली, शेवटचा थांबा येईपर्यंत जागचं हलू नका असं बजावलं आणि तो पुढे पळाला.

बसचा ड्रायव्हर मामीला बघून पांढराफटक पडला. तिकिटाचे पैसे घेईना. मामी खूश होऊन पुढच्या सीटवर बसली. मध्येच, थांबा नसताना, त्यानं बस थांबवली, दार उघडलं आणि तिच्याकडे बघत राहिला. बसमधले सगळेच बघायला लागले. आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून बिचारी उतरली. बस निघून गेली. समोर एक हिरवं दार आणि वर खिडकी, बाकी सगळं सामसूम. मामीनं एका वाटसरूला पोट धरून, कण्हून दाखवत दवाखाना विचारला. त्यानं तिला लगबगीनं सार्वजनिक संडासापाशी नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर वेगळा, पण तऱ्हा तीच. मामी हटून बसली, तर तो स्वतः उठला आणि पिशवी घेऊन, कोपराला धरून तिला त्याच दारापुढे उतरवून गेला. रात्री जावई हसून हसून बेजार झाला. मामी मात्र म्हणाली, "मी उतरले की तिथला वरचा पडदा हलतो."

लेक हिंडूफिरू लागल्यावर मामीबरोबर बसमध्ये चढली आणि तिनं ड्रायव्हरलाच विचारलं. त्या घरात एक म्हातारं जोडपं राहायचं. बाईंचे गुडघे गेलेले, म्हणून ड्रायव्हर त्यांना थेट दारात सोडत. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. मामीचा चेहरा हुबेहूब तसाच. ही त्यांची बहीणच आली, अशी सगळ्या ड्रायव्हरांनी समजूत करून घेतली होती. आणि यजमान? ते अजून बसच्या वेळेला खिडकीत उभे राहतात, असं तो म्हणाला.

मामीच्या डोळ्यांपुढे आलं ते एवढंच: म्हाताऱ्यानं वरून आपली बायको बसमधून उतरताना पाहिली, आणि ती दाराकडे न वळता निघून गेली. एकदा नाही, दोनदा.

लेक नको नको म्हणत असताना मामीनं जाऊन ते दार वाजवलं. म्हातारा इतक्या पटकन आला की तो दारामागेच उभा असावा. त्यानं मामीकडे खूप वेळ पाहिलं, मग हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

"आत का आली नाहीस, असं विचारतायत," लेक म्हणाली. "आई, चल इथून."

"त्यांना सांग, माझं चुकलं."

"अगं, तुझं काय चुकलं?"

"तू सांग तर."

लेकीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली, मामीच्या गुडघ्यांकडे एकदा बघितलं आणि अलगद दार लावून घेतलं.

उरलेले दिवस मामी सगळीकडे पायी फिरली, तेही लांबच्या रस्त्यानं. पुढे फोनवर लेक सांगत होती, खिडकीत आता कोणी उभं नसतं. बरं झालं की वाईट, हे विचारायचं धाडस मामीला झालं नाही.